कचरा वर्गीकरण, घरगुती

घरात टाकाऊ ठरलेल्या वस्तूंचे पुढे काय होणार हे पाहून त्या घरातच वेगवेगळ्या ठेवणे आणि नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या गाडीत तशाच वेगळ्या टाकणे, यास कचरा वर्गीकरण म्हणतात. प्रशासकीय मराठीत त्याला ‘उगमस्थानी वर्गीकरण’ असे नाव आहे; बोलण्यात ‘ओला-सुका वेगळा करणे’ एवढेच म्हटले जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील शहरांचा विचार केला आहे.

शब्द व व्युत्पत्ती : ‘कचरा’ हा शब्द सामान्यतः संस्कृत ‘कच्चर’ या विशेषणाशी जोडला जातो. अमरकोशात (सहाव्या शतकाच्या आसपास, काहींच्या मते त्याही आधी) ‘मलीमसं तु मलिनं कच्चरं मलदूषितम्’ असा पाठ असून तेथे तो ‘मळलेला’ या अर्थाने येतो. ‘कु’ आणि ‘चर’ अशी त्याची फोड परंपरेने केली जाते. मात्र ती शब्द रूढ झाल्यानंतर बसवलेली असावी असे वाटते. मळलेपणा दाखवणारे विशेषण पुढे टाकाऊ वस्तूचे नाव बनले, हे त्यातून दिसते.

‘उकिरडा’ या शब्दाविषयी अधिक मतभेद आहेत. एक मत त्याचा संबंध ‘उत्कर’ या वैदिक शब्दाशी लावते. यज्ञात वेदी झाडून निघालेली माती व केर ज्या ठरावीक ढिगावर टाकत, तो उत्कर. दुसरे मत प्राकृतातील ‘उक्कुरुड’, ‘उक्कुरुडिया’ या शब्दांकडे बोट दाखवते. जैन आगमवाङ्मयात नवजात कूणिकाला (पुढे मगधाचा राजा झालेला अजातशत्रू) ज्या केराच्या ढिगावर टाकून दिले जाते, त्यासाठी हा शब्द आलेला आहे. प्राकृत कोशकार त्याला ‘देशी’ म्हणजे संस्कृतातून सिद्ध न होणारा शब्द मानतात. ध्वनिदृष्ट्या मराठी रूप ‘उक्कुरुड’लाच जवळचे आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र उत्कराकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण मराठी मुलखातील उकिरडा हे निव्वळ फेकण्याचे ठिकाण कधीच नव्हते. शेण, गोठ्यातील केर, चुलीतील राख आणि भाजीचा पाला तेथे साठत असे आणि पावसाळ्यापूर्वी ते खत म्हणून शेतात जात असे. फुटके खापर किंवा काच त्यात गेली तर नांगरामागे चालणाऱ्याच्या पायाला लागे, म्हणून ती वेगळी टाकली जाई. वर्गीकरणाचे मूळ शोधायचे तर ते या व्यवहारात शोधावे लागते.

‘ओला’ आणि ‘सुका’ ही आजची जोडी त्यामानाने अलीकडची आहे आणि काहीशी दिशाभूल करणारीही. येथे ओलेपणाचा संबंध पाण्याशी नसून कुजण्याशी आहे. वाळलेला पाला हा ओला कचरा होय आणि पावसात चिंब भिजलेली प्लॅस्टिकची पिशवी हा सुका कचरा होय. २०१६ च्या केंद्रीय नियमांत त्यासाठी ‘जैवविघटनशील’ आणि ‘अजैवविघटनशील’ हे नेमके शब्द होते, पण ते स्वयंपाकघरात रुळले नाहीत. वापरण्यास सोपी जोडी रूढ झाली आणि तिच्याबरोबर तिचा गोंधळही आला.

कंपोस्टची परंपरा : कुजणारा कचरा वेगळा का हवा, याचे शास्त्रीय उत्तर ज्या प्रयोगांतून पुढे आले त्यांपैकी महत्त्वाचे प्रयोग इंदूरला झाले. १९२४ साली तेथे स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. वनस्पतिजन्य अवशेष, शेण, माती व राख यांचे थर देणे, ओल राखणे आणि हवा मिळावी म्हणून ढीग ठरावीक अंतराने उलथणे, असे तिचे स्वरूप आहे. १९३१ साली तिचे सविस्तर वर्णन हॉवर्ड व यशवंत वाड या दोघांच्या नावे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. श्रेयाच्या प्रश्नावर मात्र एकमत नाही. इंग्रजी वाङ्मयात पद्धत एकट्या हॉवर्डच्या नावावर चालते. हॉवर्ड यांनी स्वतः चिनी शेतकऱ्यांच्या पद्धतीचे ऋण मान्य केले होते. अलीकडचे अभ्यासक हॉवर्ड यांच्या पत्नी व सहसंशोधक गॅब्रिएल हॉवर्ड, वाड व तेथील इतर भारतीय सहकाऱ्यांच्या वाट्याकडे लक्ष वेधतात. ग्रंथावर दोन नावे असताना एकच उरावे, याला आधार दिसत नाही. वाड यांचे नाव घेतल्याशिवाय ही पद्धत सांगणे अपुरे ठरते.

यानंतर बंगळूर येथे सी. एन. आचार्य यांनी शहरी केर व मैला खड्ड्यांत थरांनी भरून न उलथता कुजवण्याची पद्धत मांडली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात खत करण्याची रीत प्रचारात आणली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. सोसायट्यांच्या आवारात आज दिसणारे जाळीदार विटांचे हौद नाडेपच्याच जातीचे आहेत.

कोणतीही पद्धत घेतली तरी सूक्ष्मजीवांची गरज बदलत नाही. कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावे लागते आणि ओल ५० ते ६० टक्के. भारतीय घरातील ओल्या कचऱ्यात भाजीची देठे, सालपटे व उरलेले अन्न अधिक, म्हणून ओल व नायट्रोजन जास्त आणि हवा कमी पडते. दुर्गंधी येते ती यामुळे. वाळलेला पाला, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या शेंड्यांचा चुरा मिसळला की ती थांबते. ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस टिकले तर रोगजंतू व तणाचे बी मरते.

मिश्र कचऱ्यापासून खत करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राच्या साहाय्याने काही मोठ्या शहरांत यांत्रिक खत कारखाने उभे राहिले. त्यांतील बहुतेक टिकले नाहीत. खतात काचेचे तुकडे व प्लॅस्टिक येई आणि शेतकरी ते घेत नसत. धातूंचा प्रश्न त्याहून अवघड आहे. शहरी कंपोस्टसाठी शिशाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम, कॅडमियमची ५ मिलिग्रॅम आणि पाऱ्याची केवळ ०.१५ मिलिग्रॅम आहे. काच चाळणीने निघते. फुटलेल्या नळीदिव्यातील पारा चाळणीने निघत नाही. यासाठी वर्गीकरण कारखान्यात करून भागत नाही, ते घरातच व्हावे लागते.

कायदा : पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून या विषयाला देशव्यापी कायदेशीर रूप आले. न्यायालयाने नेमलेल्या बर्मन समितीच्या अहवालानंतर २००० साली घनकचऱ्याचे पहिले केंद्रीय नियम झाले. ८ एप्रिल २०१६ रोजी त्यांच्या जागी आलेल्या नियमांनी घराघरावर तीन गटांत वर्गीकरणाची जबाबदारी टाकली : कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक कचरा. दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणारे ‘मोठे निर्माते’ ठरले. मुंबईत २०१७ च्या ऑक्टोबरपासून २०,००० चौरस मीटरहून मोठ्या किंवा १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या गृहसंकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, अशी भूमिका महापालिकेने घेतली.

डब्यांच्या रंगाबाबत एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. २०१६ च्या नियमांत कुजणाऱ्यासाठी हिरवा, पुनर्वापरयोग्य वस्तूंसाठी पांढरा व उरलेल्यासाठी काळा रंग सांगितला होता. २०१७ च्या जागतिक पर्यावरण दिनापासून स्वच्छ भारत अभियानाने रूढ केली ती जोडी मात्र हिरव्या-निळ्याची. पांढरा डबा त्यामुळे कागदावरच राहिला.

त्याहून गंभीर प्रश्न सॅनिटरी पॅड व डायपर यांचा. २०१६ च्या नियमांनी ते गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकण्यास सांगितले. ज्या डब्यात कचरावेचकाचा हात सर्वांत जास्त वेळ जातो, नेमक्या त्याच डब्यात रक्त व मल लागलेली वस्तू टाकण्याची ही तरतूद होती आणि ती करताना त्या हाताचा विचार झाला नव्हता, असेच म्हणावे लागते. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेने यावर साधा उपाय पुढे आणला : पॅड वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे उघडण्याची वेळच येऊ नये. जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या व १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (रंगाचे डबे, दिवे, औषधे यांसारखा) असे चार गट केले असून, सॅनिटरी कचरा सुक्यातून बाहेर काढला आहे.

वर्गीकरण करणारे हात : घरोघरी डबे येण्याच्या कितीतरी आधीपासून सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण चालू होते. रद्दीवाला कागद नेई, भंगारवाला पत्रा व बाटल्या नेई, बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देई. विकत कोणी घेणार नाही ते कचराकुंडीत जाई आणि तेथे ते कचरावेचक स्त्रिया निवडत. पुण्यातील या स्त्रिया बहुतांशी दलित समाजातील असून, १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या कुटुंबांतील अनेक जणी त्यांत होत्या. १९९३ साली त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. बाबा आढाव यांचा तिला आधार होता. २००७-०८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून दारोदार संकलन करू लागली. घरटी दरमहा शुल्क आणि सुका माल विकून येणारे पैसे, असे तेथील कमाईचे दोन भाग आहेत. ओला कचरा लागलेला पुठ्ठा भंगाराच्या दुकानात कमी भावाने जातो किंवा जातच नाही. एकाच पिशवीत सगळे बांधून देणारे घर त्या बाईच्या दिवसाच्या कमाईतून थेट पैसे कापत असते. वर्गीकरणाविषयीच्या पुष्कळशा लिखाणात पर्यावरण येते आणि हा हिशेब येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तोच आधी यायला हवा.

डेपो व आंदोलने : वर्गीकरणाचा आग्रह वाढला तो बऱ्याच अंशी डेपोंजवळच्या गावांमुळे. पुण्याचा कचरा सोसणाऱ्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांनी वारंवार गाड्या अडवल्या. मुंबईत १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग लागली. पुढील महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची शास्त्रीय व्यवस्था होईपर्यंत शहरातील नव्या बांधकामांवर निर्बंध आणले. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावकरांनी डेपो बंद पाडला आणि शहरात आठवडेच्या आठवडे कचरा साचला.

प्रचलित व्यवहार : घंटागाडीची पद्धत नाशिकमध्ये १९९० च्या दशकात रुजली व तेथून राज्यभर पसरली असे सामान्यतः मानले जाते. ओल्यासाठी व सुक्यासाठी स्वतंत्र कप्पे असलेल्या गाड्या आता बहुतेक शहरांत आहेत. कप्पे नसलेल्या गाडीत दोन्ही बादल्या एकत्र रिकाम्या होताना पाहिलेले घर पुन्हा वर्गीकरणाकडे वळणे कठीण असते. करवंट्या, शहाळी, आंब्याच्या कोयी व हाडे कुजतात, पण फार सावकाश. काही ठिकाणी ती ओल्यातून वेगळी मागितली जातात. निर्माल्यासाठी गणेशोत्सवात स्वतंत्र कलश ठेवतात.

लहान शहरांपैकी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले येथे नगरपरिषदेने घरापासूनच काटेकोर वर्गीकरण करून जुन्या क्षेपणभूमीचे उद्यानात रूपांतर केले. गोव्यात २०१६ पासून साळगाव येथे ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा व सुका कचरा निवडणारा प्रकल्प चालतो. पणजी महापालिका त्याआधीपासून दारोदार वेगळा कचरा गोळा करत आली आहे.