पर्वरीची खुर्ची आणि गावची शाळा

गोव्याच्या शालान्त मंडळावर गावाकडचं कोणी सदस्य म्हणून गेलं की आठवडाभरात त्याच्या दारात माणसं येतात. कुणाच्या शाळेचं छप्पर गळतंय, कुठे चार इयत्तांना मिळून एकच बाई. सदस्य अवघडतो, कारण यातलं काहीच मंडळाच्या हातात नसतं. पर्वरीला बसणारं हे मंडळ बघतं ते नववीपासून पुढचं, मुख्यतः दहावी-बारावीच्या परीक्षा. गावची सरकारी प्राथमिक शाळा शिक्षण खात्याची, आणि तालुक्यात तिची विचारपूस भागशिक्षणाधिकाऱ्याकडे, म्हणजे खात्याच्या तालुक्यातल्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात 'जिल्हा परिषदेची शाळा' म्हटलं की निदान निवडून दिलेल्या माणसाला जाब विचारता येतो. गोव्यात जिल्हा पंचायती आल्या, पण शाळा त्यांच्याकडे गेल्या नाहीत.

पोर्तुगीज अमदानीत पणजीला 1854 साली लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाची माध्यमिक शाळा, सुरू झालं. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून जिंकलेल्या मुलखातल्या पोरांना ते चंद्राइतकंच दूर. त्यांची शाळा म्हणजे शेणैमाम, गावचा पंतोजी. देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) नाहीतर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या पडवीत, सारवलेल्या जमिनीवर मुलं ओळीनं बसायची आणि धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवायची. चुकलं तर तळहातानं पुसायचं, पुन्हा धूळ पसरायची. 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले आणि लोकांनी उघडपणे शिक्षणसंस्था काढायला घेतल्या. फोंड्याचं गोवा विद्याप्रसारक मंडळ 1911 चं. पणजीची मुष्टिफंड त्याच्याही थोडी आधीची, आणि तिच्या नावातच जमाखर्च आहे: घराघरातून मूठमूठ तांदूळ. गोव्यात शाळेला पहिलं अनुदान सरकारनं नव्हे, रांधपघरानं, म्हणजे स्वयंपाकघरानं दिलं, असं मला नेहमी वाटतं.

पोर्तुगीजांपासून मुक्तीनंतर चित्र पालटलं. डिसेंबर 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. सगळं सरकारनंच करायचं होतं, घाईनं करायचं होतं. मधे स्थानिक मंडळ बसवण्याचा विचार कुणी फारसा केलेला दिसत नाही. शाळा थेट खात्याच्या झाल्या त्या तेव्हापासून, आणि तशाच राहिल्या.

परीक्षेची गंमत वेगळी. जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, तरी पुढची काही वर्षं आमची मुलं एसएससीला बसत होती ती पुण्याच्या बोर्डाच्या. स्वतःचं मंडळ 1975 च्या कायद्यानं आलं, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना. म्हणजे ते जन्मलं ते परीक्षा घेण्यासाठी. खेड्यातल्या शाळा सांभाळणं हे काम त्याला कधी दिलंच गेलं नाही.

पुढे 1984 चा शालेय शिक्षण कायदा आला. प्राथमिक शाळांना अनुदान कोणत्या माध्यमाला द्यायचं याचा वाद तर अजून निवलेला नाही: 1990 मध्ये ते मराठी-कोकणीपुरतं ठरलं, 2011 मध्ये इंग्रजीलाही मिळालं. त्यावर रस्त्यावर उतरलेले लोक आठवत असतील. पण गावच्या शाळेचा पट ओसरायला तेवढंच कारण नाही. अनुदानित शाळांना मिळालेला पिवळा बालरथ, म्हणजे शाळेची बस, सकाळी वाड्याच्या तिठ्यावर थांबतो, चार पोरं चढतात, आणि मागच्या कौलारू शाळेत उरतात सहा.

म्हणून दारात आलेल्या माणसांना मंडळाचा जाणता सदस्य वेगळाच रस्ता दाखवतो. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण निम्म्या बायका. छपराचा ठराव तिथे घ्या, इतिवृत्तात लिहून घ्या, मग भागशिक्षणाधिकाऱ्याकडे जा. सभा बोलवायची मुख्याध्यापकांनी. एकशिक्षकी शाळेत त्या म्हणजे चारही वर्ग सांभाळणाऱ्या त्याच बाई.