"डब्ल्यूसी आहे का?" : पीएलसीवाल्याच्या विम्याची पार्श्वभूमी

चाकण किंवा रांजणगावच्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटवर सकाळी साडेआठला उभं राहून बघा. ऑटोमेशनची, म्हणजे पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक) प्रोग्रॅम करण्याची कामं घेणारा एकटा कॉन्ट्रॅक्टर पाठीला लॅपटॉपची बॅग लावून येतो. सिक्युरिटीवाला रजिस्टरमध्ये लॅपटॉपचा सिरीयल नंबर उतरवतो, पेन ड्राइव्ह काढून ठेवायला लावतो, सेफ्टी शूज बघतो आणि विचारतो, "डब्ल्यूसी आहे का?" झेरॉक्स दाखवली की गेटपास हातात. सोबतच्या वायरमनचा हात पॅनेलमध्ये भाजला तर ही पॉलिसी कामाला येते. त्याच लॅपटॉपवरून उतरवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुकीने रोबोटने पार्ट पकडून ठेवणारं फिक्स्चर मोडलं, तर तिचा काडीचा उपयोग नाही. तरीही शंभरातल्या नव्वद गेटवर हीच मागतात.

डब्ल्यूसी म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन. हा वारसा इंग्लंडचा. कामगार यंत्रात सापडला तर मालकाची जबाबदारी किती, यावर तिथे १८८० मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी हा धोका उतरवण्यासाठी लंडनमध्ये खास एक विमा कंपनीही उभी राहिली. १८९७ मध्ये भरपाईचा कायदा आला, त्यात मालकाची चूक सिद्ध करायची गरज उरली नाही. आपल्याकडे तो धागा १९२३ च्या कायद्यात आला. त्यातलं कलम १२ गेटवरच्या प्रश्नाचं मूळ आहे. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस कंपनीच्या कामावर जखमी झाला, तर भरपाई थेट कंपनीकडून मागता येते आणि कंपनीने ती नंतर कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करायची. म्हणून कंपनी आधीच कागद बघून घेते. २००९ च्या दुरुस्तीत 'वर्कमेन'चं 'एम्प्लॉइज' झालं, पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो कायदाच पोटात घेतला. गेटवर मात्र अजून डब्ल्यूसीच. आणि एकटा काम करणारा कॉन्ट्रॅक्टर स्वतः कोणाचाच कामगार नसतो, त्यामुळे ही पॉलिसी काढूनही त्याचा स्वतःचा हात त्यात येत नाही, ही गंमत वेगळीच.

बाहेरच्या माणसाच्या नुकसानीची गोष्ट निराळ्या वाटेने आली. लँकेशरमधला गिरणीमालक जॉन रायलँड्स याने १८६० मध्ये गिरणीसाठी तलाव बांधायला इंजिनिअर आणि ठेकेदार नेमले. खोदताना ठेकेदाराच्या माणसांना जुन्या खाणीची मातीने बुजलेली विवरं दिसली. त्यांनी ती नीट बंद न करताच काम रेटलं. तलाव भरला, विवरं फुटली आणि पाणी शेजारच्या थॉमस फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत घुसलं. १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: धोकादायक गोष्ट स्वतःच्या जमिनीवर आणून साठवणाऱ्याने ती सुटली तर भरपाई द्यावी, त्याची चूक असो वा नसो. कायद्याचे विद्यार्थी हा खटला मालकाच्या जबाबदारीसाठी पाठ करतात. मला त्यात ठेकेदारच दिसतो. हलगर्जी त्याची, खटला मालकावर, आणि निकालाच्या नावात ठेकेदाराचा पत्ताच नाही. पुढची शंभर वर्षं जबाबदारीचा विमा म्हटलं की डोळ्यासमोर मालकच यायचा, त्याची बीजं अशा निकालांत आहेत.

भारतात घातक उद्योगांसाठीही हा निकाल प्रमाण मानला गेला तो १९८६ पर्यंत. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ घडलं. बरोबर वर्षाने, ४ डिसेंबर १९८५ ला, दिल्लीत श्रीराम फूड अँड फर्टिलायझरच्या कारखान्यातून ओलियम हे जहाल आम्ल गळलं. एम. सी. मेहता खटल्यात २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने सांगितलं की रायलँड्सच्या निकालातले अपवादही आता चालणार नाहीत. घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी पूर्ण, आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी. त्यातून १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाने विमा काढलाच पाहिजे, मूळ कायद्यात मृत्यूला पंचवीस हजार रुपये तातडीची मदत, मालमत्तेला सहा हजारांपर्यंत. आकडे तेव्हाही तुटपुंजेच वाटले असतील. पण सक्ती झाली ती मालकावर. प्लांटचा इंटरलॉक, म्हणजे धोका असेल तर यंत्र चालू न देणारी अट, ज्याने लिहिला, त्याचा या कायद्यात उल्लेख नाही.

आता त्या इंटरलॉककडे येऊ. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी (विजेवर चालणाऱ्या स्विचांनी) भरलेली कपाटं नकोशी झाली. गाडीचं मॉडेल बदललं की शेकडो रिलेंची वायरिंग उसकटून पुन्हा करावी लागे. डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जे यंत्र दिलं, ते मोडिकॉन ०८४ हा पीएलसी. त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ते नाव. इलेक्ट्रिशियनला बिचकायला होऊ नये म्हणून प्रोग्रॅम रिलेच्या ड्रॉइंगसारखाच दिसेल अशी लॅडर ठेवली. दिसायला काहीच बदललं नाही, विम्याच्या नजरेने मात्र सगळंच बदललं. वायर चुकीच्या टर्मिनलला लावणं ही कारागिरीची चूक. लॅडरमधला कॉन्टॅक्ट उलटा टाकणं ही डिझाइनची, म्हणजे विम्याच्या भाषेत व्यावसायिक सेवेची चूक. काम तेच, पॅनेल तेच, माणूसही तोच, पण चुकीचा कप्पा बदलला.

आणि विम्यात कप्पे फार आधीच पडले होते. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वसाधारण दायित्वाच्या पॉलिसीचा प्रमाण मसुदा ठरला. त्यात कोणाच्या शरीराला इजा किंवा वस्तूची मोडतोड असेल तरच पैसे. वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर यांच्या सल्ल्यातल्या चुकीसाठी वेगळी पॉलिसी, आपण जिला प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतो. पहिलीत व्यावसायिक सेवा बहुधा वगळलेली असते. दुसरीच्या कित्येक मसुद्यांत, विशेषतः सॉफ्टवेअरवाल्यांसाठी बेतलेल्यांत, इजा आणि मोडतोड वगळलेली. कंट्रोल्सवाल्याची, म्हणजे पीएलसीचं लॉजिक लिहिणाऱ्याची, चूक नेमकी दोन्हीकडून सुटते: लॉजिकची असते आणि तिने लोखंड वाकतं.

माझ्या हातून घडलेलं सांगतो. कमिशनिंगची, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू करून देण्याची रात्र, जागेवर पार्ट आहे का ते सांगणाऱ्या एका प्रॉक्सिमिटी सेन्सरची केबल आली नव्हती आणि सकाळी साहेबांसमोर ट्रायल. मी तो इनपुट फोर्स केला, म्हणजे पीएलसीला खोटंच सांगितलं की जागा रिकामी आहे. ट्रायल झाली, टाळ्या झाल्या. केबल आली, कोणीतरी लावली, फोर्स काढायचा राहिला. सीपीयूवर एक बारीक पिवळा दिवा तीन आठवडे जळत होता. मग एके दिवशी पार्ट जागेवर असतानाच ग्रिपर, म्हणजे पार्ट धरणारा पंजा, खाली आला. ग्रिपर वाकला, फिक्स्चरची पिन तुटली, लाइन नऊ तास बंद. बिलाचे शेवटचे दहा टक्के कंपनीने दिले नाहीत, मी मागितलेही नाहीत.

नंतर एका जाणकाराला मी हे कागदावर मांडून दाखवलं. ग्रिपर आणि पिन ही मोडतोड खरी, पण ज्या यंत्रावर तुम्ही काम करत होता तेच यंत्र पब्लिक लायबिलिटीत (बाहेरच्यांच्या नुकसानीच्या पॉलिसीत) बऱ्याचदा वगळलेलं असतं. नऊ तासांचं उत्पादन हा निव्वळ आर्थिक तोटा, तो प्रोफेशनल इन्डेम्निटीकडे जातो, असली तर. प्रोग्रॅम दुरुस्त करायला गेलेला माझा वेळ कोणीच देत नाही. मग त्याने विचारलं, "कंपनीच्या विमा कंपनीने पैसे दिले असते तर?" दिले असते तर कंपनीचा हक्क तिच्याकडे गेला असता आणि वसुलीची नोटीस माझ्या पत्त्यावर आली असती. याला सब्रोगेशन म्हणतात. मालकाचा विमा आहे म्हणून ठेकेदार सुटला, हा आपल्या लाइनीतला सर्वांत लोकप्रिय गैरसमज आहे.

१९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत दायित्वाचे विमे भयंकर महागले, काहींना मिळेनात. तेव्हा, १९८६ मध्ये, तिथल्या प्रमाण मसुद्याला 'क्लेम्स मेड' हा दुसरा पर्याय आला. चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला हे महत्त्वाचं. भारतातल्या प्रोफेशनल इन्डेम्निटी आणि पब्लिक लायबिलिटीच्या पॉलिसी प्रामुख्याने याच धर्तीच्या. कंट्रोल्सवाल्याला ही अट जड जाते, कारण प्रोग्रॅम झिजत नाही. पाच वर्षांपूर्वी लिहिलेली, कधी न चाललेली एक ओळ एखाद्या ब्रेकडाउनच्या दिवशी पहिल्यांदा चालते. त्या दिवशी पॉलिसी चालू हवी, आणि तिच्यावरची 'रेट्रोअॅक्टिव्ह डेट', म्हणजे ज्या तारखेपासूनची कामं धरली जातात ती, ती ओळ लिहिण्याच्या आधीची हवी. एक वर्ष हप्ता चुकवून नव्याने पॉलिसी घेतली की ती तारीख पुढे सरकते आणि जुनी सगळी कामं उघडी पडतात.

आपल्याकडे १९७३ ते २००० या काळात सर्वसाधारण विमा म्हणजे जीआयसी (जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन) आणि तिच्या चार सरकारी कंपन्या. कारखान्याच्या आगीचा विमा हा त्यांचा एक मोठा धंदा, तोही ठरलेल्या दराने. इन्डेम्निटीची पॉलिसी होती, पण ती डॉक्टर, सीए, आर्किटेक्ट यांची म्हणून ओळखली जायची. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हा डॉक्टरांनी ती धावत जाऊन घेतली. भोसरीतल्या पॅनेलवाल्याला तसा धक्का कधी बसला नाही. त्याच्यापर्यंत हा विषय पोचला तो पीओच्या (कंपनीच्या खरेदी ऑर्डरच्या) मागच्या बारीक छपाईतून. परदेशी कंपन्यांचे मसुदे जसेच्या तसे उचलल्यामुळे त्यात लिहिलेलं असतं की सर्व प्रकारच्या नुकसानीची हमी कॉन्ट्रॅक्टरने घ्यावी. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई देऊ नका म्हणतं. पण सही करून तुम्ही त्याहून जास्त अंगावर घेतलं, तर ते जास्तीचं ओझं विमा कंपनी सहसा उचलत नाही. पन्नास हजारांच्या कामावर अमर्याद हमी, आणि सही चहा पिता पिता.

२०१० मध्ये स्टक्सनेट हा व्हायरस उघड झाला आणि पीएलसीतला कोडही शस्त्र होऊ शकतो हे जगाला कळलं. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने २०२० पासून टप्प्याटप्प्याने सक्ती केली की सायबर धोका धरलाय की वगळलाय, हे पॉलिसीत स्पष्ट लिहा. बऱ्याच ठिकाणी तो वगळला गेला.

दरम्यान कामच गेटच्या बाहेर गेलं. कोविडनंतर पुण्यातले कितीतरी जण घरात बसून रात्री परदेशातल्या प्लांटचं लॉजिक बदलतात, तिकडचा टेक्निशियन फोनवर "ओके, रनिंग" म्हणतो. तिथे डब्ल्यूसी कोणी विचारत नाही, विमा प्रमाणपत्र मागतात. घाईघाईने काढलेल्या पॉलिसीच्या पहिल्याच पानावर 'ज्युरिस्डिक्शन', म्हणजे कुठल्या देशातल्या कोर्टातले दावे धरले जातील, असा रकाना असतो. तिथे काय छापलंय ते वाचा. बऱ्याचदा दोनच शब्द असतात: फक्त भारत.