ही सूज पित्ताची नव्हे

खानापूर-निपाणीकडं ओठ, डोळे सुजले की ‘पित्त उठलंय’ म्हणत आमसुलाचं पाणी चोळतात. ऑपरेशनआधी ॲलर्जीचं इंजेक्शन टोचलं की भागतं, हेही वर्षानुवर्षं ऐकतोय. आनुवंशिक अँजिओएडेमा, म्हणजे घराण्यातून येणारा, कातडीखाली खोलवर सूज आणणारा आजार, असेल तर हा समज जिवावर बेततो.

यात सी-१ इनहिबिटर हे प्रथिन बहुधा कमी असतं किंवा नीट काम करत नाही. त्यामुळं ब्रॅडिकायनिन हे रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपवणारं रसायन वाढून सूज येते. ॲलर्जीची सूज हिस्टामिनची. म्हणून इथं ॲव्हिल, स्टेरॉइड, ॲड्रेनॅलिन यांचा गुण येत नाही. ही सूज खाजत नाही, गांधीही उठत नाहीत.

दाढ काढणं किरकोळ वाटतं ना? पण त्यानं घसा सुजू शकतो, आणि तोही कधी दुसऱ्या दिवशी, माणूस बेळगावहून बसनं गावी पोचून जेवायला बसलेला असताना. म्हणून आधीच सी-१ इनहिबिटर शिरेतून देतात. ते न मिळाल्यास ताजा गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग), किंवा ठरलेल्या ऑपरेशनच्या ५ दिवस आधीपासून डॅनॅझॉल हे हार्मोनसारखं औषध. भुलेची नळी घालतानाही घशाला इजा होते. जमेल तिथं तेवढाच भाग बधिर केलेला बरा.

घरात आजोबा, आत्या असं कुणी वारंवार सुजत असेल, घसा सुजून गेलं असेल, तर कृपा करून भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. सी-४ (रक्तातलंच आणखी एक प्रथिन) आणि सी-१ इनहिबिटरची रक्ततपासणी करून घेता येते.