तलवारीच्या साजावरची नावं : जपानी कारागिरांच्या सह्यांची पार्श्वभूमी

जपानी तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामध्ये एक चपटी चकती बसवलेली असते, तिला त्सुबा म्हणतात. मधोमध पात्याची शेपटी आरपार जाण्यासाठी निमुळतं भोक आणि त्या भोकाच्या दोन्ही अंगांना छिन्नीने कोरलेल्या अक्षरांच्या उभ्या ओळी. नेहमी आढळणारा मजकूर घ्या : उजवीकडे ‘एचिझेन जू’, डावीकडे ‘किनाई साकु’. उजवी ओळ आधी वाचायची, मग डावी. ‘एचिझेन प्रांताचा रहिवासी, किनाईची कृती.’ वाचन इथे संपतं, पण खरी डोकेदुखी पुढेच असते, कारण किनाई हे नाव एकाच माणसाचं नाही. त्या नावाने कित्येक पिढ्यांनी काम केलं.

मुळात सही करायची रीतच उशिरा आली. पंधराव्या शतकात शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमासाच्या पदरी गोतो युजो हा धातुकारागीर होता. पुढे सतरा पिढ्या चाललेल्या गोतो घराण्याचा तो मूळपुरुष, पण त्याच्या कामावर त्याचं नाव नाही. सुरुवातीच्या पिढ्यांची बहुतेक कामं अशीच बिनसहीची. वस्तू कोणाकडून करवून घेतली हे सरदाराला ठाऊकच असे, मग नाव कोरायचं कोणासाठी? त्सुबांवर ठळकपणे सही करणाऱ्या पहिल्या कारागिरांत नोबुइए आणि कानेइए ही दोन नावं येतात. कानेइए तर फुशिमी हे आपलं गावही कोरतो.

सह्यांचं पीक आलं ते एदो काळात (१६०३–१८६८). १६१५ नंतर मोठी युद्धं थांबली, तलवार ही कमरेची शोभा झाली आणि आखूड तलवार बाळगायची मुभा असलेले पैसेवाले व्यापारीही साज करवून घेऊ लागले. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, योकोया सोमिन (१६७०–१७३३) याने दरबारी चाकोरी सोडून शहरी गिऱ्हाइकांसाठी काम सुरू केलं. आता नावाला बाजारात भाव आला. गोतो घराण्यानेही हे ओळखलं. वंशज आपल्या पूर्वजांच्या बिनसहीच्या कामांवर निर्वाळा कोरून देऊ लागले. एखाद्या कोझुकावर, म्हणजे म्यानाच्या खाचेत राहणाऱ्या छोट्या चाकूच्या मुठीवर, ‘नक्षी युजोची’ असं लिहून खाली तेराव्या पिढीतल्या मित्सुताकाचं नाव दिसतं. नवशिका वाचक मित्सुताकाला कर्ता समजून बसतो. तो असतो दाखला देणारा.

प्रांतांची नावं आखूड करून लिहायची पद्धत आणखी घोळ घालते. ‘जोशू’ असा नुसता उच्चार सांगितला तर तो यामाशिरो, हिताची किंवा कोझुके यांपैकी कोणताही प्रांत असू शकतो. चिन्हं मात्र तिन्हींची वेगळी, म्हणून कोरलेलं अक्षर डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. नावांचंही तेच. हामानो घराण्याच्या संस्थापकाची सही शोझुई वाचतात, पण तीच दोन चिन्हं मासायुकी अशीही वाचता येतात. नावापुढे बहुधा काओ येतो, म्हणजे वळणदार खूण. ती अक्षर म्हणून लागतच नाही, कोशातल्या खुणांशी ताडून पाहावी लागते.

तारीख असलीच तर आपल्या लोकांना ती सोपी जावी. आपल्या पंचांगात प्रभव, विभव अशी साठ संवत्सरं फिरतात, तसंच तिथेही साठ वर्षांचं चक्र आहे. चक्रातलं नुसतं नाव कोरलेलं असेल तर १७६५, १८२५ की १८८५ हा प्रश्न उरतोच. सोबत ‘बुन्सेई ८’ असा राजवटीचा शक असेल तर १८२५ पक्कं.

नावाला किंमत आली की नकला आल्याच. हिकोने गावच्या सोतेन या कारागिराची सही चांगली लांबलचक : गाव, उपनाव, संन्यस्त गृहस्थ असल्याची उपाधी, मग नाव. ती इतक्या त्सुबांवर सापडते की बहुतेक त्याच्या हातच्या नाहीत असंच धरून चालावं लागतं. माझ्या मते लांब सही पाहून हुरळून जाणं हीच या छंदातली सर्वांत महाग सवय.

अशा नावांची जुळवाजुळव जपानात आधीच सुरू झाली होती. ओसाकाचा व्यापारी इनाबा त्सुर्यू याने १७८१ मध्ये साजाच्या कारागिरांवर सात खंडांचा ग्रंथ काढला. २८ मार्च १८७६ च्या हुकुमाने सैनिक-पोलीस वगळता बहुतेक इतरांना कमरेला तलवार लावून फिरायला बंदी झाली आणि कारागिरांचा धंदाच बसला. कानो नात्सुओसारख्याने तोवर ओसाकाच्या टांकसाळीत नाण्यांचे ठसे केले होते, इतरांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या, डब्या घडवल्या. सुटे झालेले त्सुबा युरोपात पोचले आणि ते वाचायची गरज तिथेही पडली. हाम्बुर्गच्या संग्रहालयात काम करणाऱ्या शिन्किची हारा यांनी १९०२ मध्ये जर्मनमध्ये कारागिरांची सूची छापली. १९२३ मध्ये कूप आणि इनादा यांचा जपानी नावं वाचण्याचा इंग्रजी कोश आला.

आज जपानात निर्वाळा देण्याचं मुख्य काम १९४८ मध्ये स्थापन झालेली तलवार-जतन संस्था करते. परीक्षक लोखंडाचा पोत, भोकाभोवतीचे छिन्नीचे घाव आणि नक्षीची धाटणी पाहतात आणि सही त्या सगळ्याशी ताडून बघतात. सही खोटी वाटली तर वस्तू कितीही देखणी असो, प्रमाणपत्र मिळत नाही. पात्यांच्या बाबतीत तर काही मालक नाकारलेली सही काढून टाकतात आणि तेच पातं बिनसहीचं म्हणून पुन्हा परीक्षेला धाडतात.