उल्हासनगर : सिंधी निर्वासितांचे पुनर्वसन

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदूंच्या छावणीतून उभे राहिलेले ठाणे जिल्ह्यातील शहर. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी कल्याणजवळ बांधलेल्या छावणीला ‘कल्याण कॅम्प’ म्हणत. कराचीहून बोटीने मुंबईला उतरलेल्या कुटुंबांना सरकारने तिथल्या बराकींत जागा दिली आणि वस्ती लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी शहराची कोनशिला बसवली. नाव उल्हास नदीवरून पडले. छावणीचे पाच विभाग मात्र बोलण्यातून गेले नाहीत. रिक्षावाल्याला आजही ‘कॅम्प चार’ असेच सांगतात.

पंजाब आणि बंगाल विभागले गेले, सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे पंजाबी निर्वासिताला भारतात पंजाब उरला, सिंध्याला स्वतःचे राज्य उरले नाही. या वसाहतीची धडपड त्यावरूनच समजते. लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहिली. सरकारी शिधा कायम पुरणार नव्हताच. बायकांनी पापड-लोणची केली, पोरांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटे विकली. सुरुवातीच्या काळात धीर दिला तो मुख्यतः आपल्याच माणसांनी: सिंधमधल्या मूळ गावांनुसार पंचायती उभ्या राहिल्या, सिंधींचे आराध्य दैवत झुलेलालची मंदिरे झाली, चेटीचंड हा नववर्षाचा सण आणि चालिहा हे चाळीस दिवसांचे व्रत पुन्हा पाळले जाऊ लागले. मानसिक आरोग्यसेवा म्हणावी अशी सोय त्या काळी नव्हती. तिचे काम बरेचसे या शेजारानेच केले.

धंद्यात शहर लवकर सावरले. जपानी बाजारातले कापड, गजानन मार्केटमधले तयार कपडे, फर्निचर बाजार आणि जीन्सचे कारखाने मुंबईभर माहीत झाले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, ही थट्टा इथल्या नकली मालावर असली, तरी तिच्यात थोडे कौतुकही आहे. शिक्षणासाठी हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने १९६५ मध्ये चांदीबाई महाविद्यालय काढले. १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत आली.

मराठी शेजाऱ्यांशी नाते जुळले ते समारंभांतून कमी, दुकान, कारखाना आणि लोकलच्या डब्यातून जास्त. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनसारख्या कारखान्यांमुळे मराठी कामगारवस्तीही वाढत गेली.

जागेचा प्रश्न मात्र चिघळला. विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसनाचा कायदा १९५४ मध्ये झाला आणि बराकी व भूखंड रहिवाशांच्या नावे करण्याची वाट मोकळी झाली. त्यासाठी मिळणारी सनद, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, हा इथल्या घराघरातला महत्त्वाचा कागद आहे. पण कुटुंबे वाढली तशी बराकींच्या जागी परवानगी न घेता मजले चढले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि पाडकामाची वेळ आली, तेव्हा राज्य सरकारने २००६ मध्ये केवळ उल्हासनगरसाठी अनधिकृत बांधकामे दंड आकारून नियमित करण्याचा कायदा केला. त्यानंतरही सनद नसलेल्या, नकाशा मंजूर नसलेल्या इमारतींत लोक राहत आहेत. त्यांना दुरुस्तीला कर्ज मिळणेही कठीण जाते.