आतड्याच्या रिपोर्टमध्ये ‘ईआर’ का नसतं?

शेजारच्या काकूंनी परवा दोन रिपोर्ट पुढ्यात ठेवले. एक त्यांचा स्वतःचा, आठ वर्षांपूर्वीचा, स्तनाच्या कॅन्सरचा. त्यावर ‘ईआर पॉझिटिव्ह’. दुसरा त्यांच्या भावाचा, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा. “यात ईआर केलेलंच नाही रे. राहून गेलं का?”

राहून गेलेलं नाही. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, इस्ट्रोजेन या मुख्यतः स्त्रियांच्या हार्मोनचा संदेश स्वीकारणारं प्रथिन. स्तनाच्या गाठीत ते असलं, की काचपट्टीवर पेशींची केंद्रकं तपकिरी रंगतात आणि टॅमोक्सिफेनसारखं औषध देता येतं. आतड्याच्या कॅन्सरवर असं हार्मोनविरोधी औषध नाही, म्हणून ती तपासणीही नाही. पण आतड्याला इस्ट्रोजेनशी देणंघेणंच नाही, असं मात्र समजू नका. पुरुषांच्या आतड्यालाही आहे.

मोठ्या आतड्याच्या अस्तरात लाखो सूक्ष्म विहिरी असतात. पेशी तळाशी जन्मतात, भिंतीला धरून वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत काठावरून गळून पडतात. वर सरकताना विभागणं थांबवायचं, हा इथला नियम. तो मोडला की गाठीची सुरुवात.

या नियमाच्या राखणदारांपैकी एक 1996 साली उजेडात आला. तोवर इस्ट्रोजेनचा एकच रिसेप्टर माहीत होता. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांना उंदराच्या प्रोस्टेटमध्ये दुसरा सापडला. जुना झाला अल्फा, नवा बीटा. इस्ट्रोजेन पेशीत शिरून रिसेप्टरच्या खिशात बसतं, रिसेप्टरचा आकार बदलतो, मग दोन-दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करतात. डीएनए धरणारा भाग दोघांत जवळजवळ सारखा. हार्मोन धरणारा भाग मात्र बराच वेगळा. स्तनात अल्फा पेशींना ‘वाढा’ म्हणतो. बीटा त्याच्याशी जोडी जमवतो, तेव्हा अल्फाचा जोर उतरतो. एकच हार्मोन, पण हुकूम उलटे! मला या विषयातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

आतड्यात अल्फा नगण्य, बीटा मुख्य. बीटाचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत विहिरीतल्या पेशी जास्त विभागल्या आणि नीट परिपक्व झाल्या नाहीत. माणसांच्या गाठींतही बीटा घटलेला आढळला. इथे सावध राहायला हवं, कारण 2017 मध्ये स्वीडनमध्येच काचपट्टीवर बीटा ओळखून रंगवायला वापरायची 13 प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रथिनं) पारखली गेली आणि एकच खरी उतरली. जुने कित्येक तपकिरी ठिपके बीटाचे नव्हतेच.

मग हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का? नाही. अमेरिकेत 16,608 स्त्रियांवरच्या चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दुसरं स्त्री-हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर दरवर्षी 10 हजारांमागे 16 वरून 10 वर आला खरा, पण स्तनाचा कॅन्सर आणि पक्षाघात वाढले, आणि 2002 मध्ये ती मुदतीआधी थांबवली. शिवाय गोळ्या घेणाऱ्यांत जे आतड्याचे कॅन्सर झाले, ते निदानाच्या वेळी जास्त पसरलेले होते. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांना तर आतड्यापुरताही फायदा दिसला नाही. सोयाबीनमधलं जेनिस्टिन परीक्षानळीत बीटाला घट्ट चिकटतं, तेवढ्यावर ‘कॅन्सररोधक’ पावडरी विकणं ही रुग्णांची फसवणूक आहे.

काकूंना मी भावाच्या रिपोर्टमधली ‘एमएमआर’ची ओळ दाखवली. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं तिथे तपासलेली असतात. त्यातलं एखादं गायब असतं, तर उपचार बदलले असते, दोष आनुवंशिक आहे का हे पाहावं लागलं असतं, आणि बहीण म्हणून काकूंच्याही तपासणीचा विषय निघाला असता. चारही शाबूत होती.