नर की मादी, हे वाळू ठरवते

गोव्यातल्या मोरजी गावच्या तेंबवाडा किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत चढते, मागच्या वल्ह्यांनी हातभर खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि वाळू सारखी करून अंधारातच पाण्यात परतते. त्या वेळी त्या शंभर अंड्यांत एकही नर नसतो आणि एकही मादी नसते.

माणसात हा निकाल गर्भ राहतानाच गुणसूत्रांनी लागलेला असतो. समुद्री कासवांना लिंग ठरवणारी गुणसूत्रेच नाहीत. अंडी साधारण ४५ ते ६० दिवस वाळूत उबतात. या काळाचे तीन भाग केले, तर मधल्या भागात वाळू किती तापलेली आहे त्यावर पिल्लू नर की मादी हे ठरते. तापमान २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर दोन्ही निघतात, त्याखाली नर वाढतात, त्यावर माद्या. गर्भात अॅरोमटेज नावाचे एक विकर असते, ते नर-संप्रेरकांचे स्त्री-संप्रेरकांत रूपांतर करते. उष्ण वाळूत ते जोमाने काम करते आणि अंडाशय तयार होतात. सगळा खेळ दोन-तीन अंशांचा आहे. वाळू बरेच दिवस ३५ अंशांपलीकडे राहिली तर गर्भच मरू लागतात.

पेडण्यातले मोरजी नि मांद्रे, काणकोणातले आगोंद नि गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवे अजून येतात, याचे श्रेय मी आधी गावकऱ्यांना देतो. कासव १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पण तरीही अंडी खाल्ली जात, विकली जात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोरजीत गावकरी आणि वनखाते मिळून घरट्यांची राखण करू लागले. कुत्री, माणसे, शॅकचे (किनाऱ्यावरच्या खानावळींचे) दिवे या सगळ्यांपासून जपायचे. (पिल्ले उजळ क्षितिजाकडे धावतात, त्यामुळे दिवा दिसला की समुद्र सोडून जमिनीकडे वळतात.) रात्रभर वाळूत जागणारी ही माणसे नसती तर पुढचे काही लिहायलाच नको होते.

पण ज्याला काठीने हाकलता येत नाही असा शत्रू आता आला आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. अरबी समुद्र तापतो आहे, त्यावरून येणारी हवा तापते आहे, आणि वाळू तर दिवसभर उन्हातच पडलेली. गोव्यात हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. डिसेंबरच्या घरट्याला थंडीच्या रात्री मिळतात. मार्चमधल्या घरट्याचा तो निर्णायक मधला भाग मात्र एप्रिलच्या रणरणत्या उन्हात येतो. म्हणजे उशिरा घातलेल्या अंड्यांतून माद्याच निघण्याची शक्यता जास्त.

हे कुठवर जाऊ शकते याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या अर्धवट वाढीच्या पिल्लांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. माद्या थोड्या जास्त असणे ही आपत्ती नव्हे. एक नर अनेक माद्यांना पुरतो, ज्यादा माद्या म्हणजे ज्यादा घरटीही. पण नर संपतच आले तर? आणि ते कळायलाही उशीर होतो. पिल्लू वयात येऊन अंडी घालायला परतेपर्यंत दहा-पंधरा वर्षे जातात. यंदाच्या वाळूचा हिशेब २०४०च्या आगेमागे लागायचा.

गावाच्या हातात काय आहे? सावली. धोक्यातली अंडी उचलून कुंपणात पुरतात तेव्हा वर चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) छप्पर घातले तर खालची वाळू थंड राहते. खड्डा मादीने केला तितकाच खोल हवा, उथळ केला तर अंडी जास्त तापतात. पण सावली दाट झाली तर काटा उलट्या बाजूला जाईल, म्हणून नुसत्या अंदाजाने चालत नाही. जे घरटे जागेवर सुखरूप आहे ते हलवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मादीने निवडलेल्या जागेला काही अर्थ असतो.

दुसरी गोष्ट मर्यादवेल. वाळूच्या टेकड्यांवर पसरणारी ही जांभळ्या फुलांची वेल वाळू धरून ठेवते. ती उपटून पर्यटकांसाठी पलंग मांडले की वाळू सुटते, किनारा अरुंद होतो. समुद्राची पातळी चढते आहे. मोठ्या भरतीचे पाणी घरट्यात साचले तर अंडी गुदमरतात, कारण कवचातून त्यांचा श्वास चालतो. मागे सरकायला जागा राहिली पाहिजे, आणि ती ही वेल राखते.

राखणीच्या वहीत घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या, सुटलेली पिल्ले असे रकाने असतात. त्यात आणखी एक हवा: वाळूचे तापमान. घरट्याशेजारी, अंड्यांच्याच खोलीवर एक छोटा तापमापक पुरायचा आणि निदान पंधराव्या दिवसापासून चाळिसाव्या दिवसापर्यंत रोज पहाटे आणि दुपारी आकडा लिहायचा.